पीठ उडलं न्हाई

भोंगातात्यांना सॉफ्टबॉलमधलं काडीचंही कळत नव्हतं, आणि ही गोष्ट एक ते स्वतः सोडले तर साऱ्या बेलापूरला ठाऊक होती. तरीही शाळेच्या मैदानावर आम्हा मुलींचा सामना असला की तिसऱ्या बेसपासून चार हातांवर लाकडी स्टूल टाकून हे गृहस्थ विराजमान होत. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, आणि भुवया, मिशा, कानांवरचे केस पिठानं पांढरेफटक. नाटकातला राजा अर्धा रंग पुसून बाहेर आलेला असावा, तसं ध्यान. त्यांची पिठाची गिरणी होती. दिवसभर पट्ट्याच्या फटफटाटात गिऱ्हाइकांशी बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की, कारखान्याचा भोंगा वाजला की लोक घड्याळं लावत आणि तात्या बोलले की कुत्री उठून जागा बदलत.

सामन्याच्या दिवशी गिरणी बंद. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका दारावरचं कुलूप बघून बोटं मोडत. "तात्यांच्या पोरींचा खेळ हाय, आज भात खा!" असं एकमेकींना सांगत घरी जात. तात्यांना स्वतःची मुलगी नव्हती. आम्ही नऊ जणी त्यांच्या कधी झालो, हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

आमचे ड्रिलचे सर नगरला दहा दिवसांचं शिबिर करून हा खेळ शिकून आले होते. तात्या त्यांना तोंडावर 'दहा दिवसांचं शिक्षण' म्हणत आणि वर स्वतः शिकवायला जात. पहिल्याच सामन्यात सरांनी बजावलं होतं, फटका मारला की बॅट टाकून पळा. मी फटका मारला, बॅट टाकायला हात सैल केला, तेवढ्यात स्टुलावरून गर्जना आली, "ए टोळ! दांडकं टाकू नगंस, चोरीला जाईल!" माझ्या लांब पायांमुळे त्यांनी मला टोळ करून टाकलं होतं. मी ती अवजड बॅट काखेत मारून धावले आणि वाटेतच बाद झाले. तात्या मान हलवत म्हणाले, "सर, पोरीला पळायला शिकवा की जरा."

पण पंचांशी त्यांचं जे वागणं होतं, त्याला जिल्ह्यात तोड नसेल. पंच कुणीही असो, पहिल्या चेंडूपासून तो आंधळा. दुसऱ्या डावापर्यंत त्याचं घराणं आंधळं. "चष्मा गहाण टाकून आलाय का?" हा त्यातल्या त्यात सौम्य प्रश्न. सामन्याआधी पंचाला कुणी चहा देऊ लागलं तर तात्या कपबशी हिसकावून घेत. "आधी पाजला तर निकाल विकत घेतल्यागत व्हतंय." आणि शेवटचा गडी बाद झाला की हाच माणूस स्टूल काखोटीला मारून मैदानात शिरे, शिव्या खाऊन अर्धमेल्या झालेल्या त्या पंचाची पिशवी उचले आणि म्हणे, "चला साहेब, जेवायला." पंच दचकत. त्यांना वाटे, आता घरी नेऊन मारणार. तात्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी चापून, ढेकर देत ते एसटीत बसत, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटे.

बेससुद्धा तात्यांनीच शिवले होते. शाळेकडे काही नव्हतं, म्हणून गिरणीतली जुनी पोती दुमडून, आत भुसा भरून त्यांनी चार चौकोनी गाद्या केल्या. पोती झटकायची अक्कल अर्थातच नव्हती. त्यामुळे आमच्या मैदानावर कुणाचाही पाय बेसवर पडला की फस्सकन पिठाचा ढग उठे. पाहुणे संघ खोकत. आम्हाला सवय झाली होती.

तो सामना पाथर्डीशी होता. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळीच जाहीर केलं होतं की, जिंकलात तर नगरला जिल्ह्याच्या सामन्यांना जाल, हरलात तर बॅटी कपाटात आणि मुली पुन्हा लेझीमला. मला लेझीमचा तिटकारा होता. नगरला जायच्या स्वप्नानं मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. पाथर्डीच्या संघातल्या दोघी-तिघी दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला जायच्या. त्या बॅट कोयत्यासारखी फिरवत होत्या. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी झाली. आमच्या दोघी बाद, मी दुसऱ्या बेसवर, आणि आमच्या मुलीनं चेंडू पार कुंपणापर्यंत मारला.

मी सुटले. तिसरा बेस ओलांडला, शेवटच्या, घरच्या बेसवर पोचले, पंचांनी धाव मान्य म्हणून हात पसरले, जिंकलो! सर नाचायला लागले. मुली माझ्या गळ्यात पडल्या. आणि त्या सगळ्या गदारोळावरून तो भोंगा वाजला.

"पीठ उडलं न्हाई!"

साऱ्या माना वळल्या. तात्या स्टुलावर उभे होते. "टोळाचा पाय तिसऱ्या बेसला लागला न्हाई. पीठ उडलं न्हाई."

पाथर्डीच्या बाई हुशार. बेसला पाय न लावता पुढे गेलेली मुलगी बाद, म्हणून त्यांनी लगेच पंचांकडे दाद मागितली. नगरहून आलेले किडकिडीत पंच माझ्याजवळ आले. "बाळ, पाय लागला होता?"

"लागला होता," मी म्हणाले.

पंच तिसऱ्या बेसपाशी गेले आणि बुटाची टाच नुसती टेकवली. फस्स! पिठाचा ढग त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी मला बाद दिलं, धाव रद्द झाली. जादा डावात पाथर्डीनं एक धाव काढली, आम्हाला ती फेडता आली नाही.

दोन वर्षं या माणसानं प्रत्येक निर्णय चुकीचा दिला होता. चुकीची गरज होती त्या एकाच दिवशी त्याला बरोबर दिसावं! गावानं चार दिवस दळणं दुसऱ्या गिरणीवर नेली. आणि तात्यांनी काय करावं? नेहमीसारखी पंचांची पिशवी उचलली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं.

घरी मला वाढायला लावलं. "साहेब, हिनं तुमाला खोटं सांगितलं. हिच्याच हातनं घ्या." माझ्या डोळ्यांतलं पाणी आमटीत पडायच्या बेतात होतं.

"रडतीस कशाला?" तात्या खेकसले. "साहेब, ह्या पोरींचा खेळ बंद झाला आता. तुमच्यामुळं."

"माझ्यामुळे?" पंचांचा घास हातात राहिला. "अहो, मी तर जिंकवलं होतं! बाद तुम्ही दिलंत!"

"मग तुमाला दिसत न्हाई, त्याला मी काय करू?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. पंचांनी हातातला घास खाल्ला. मग मला म्हणाले, "मान खाली घातलीस ते बरं केलंस."

आठवड्यानं शाळेत पत्र आलं. जिल्ह्याच्या सामन्यांना बेसवर उभं राहायला मदतनीस पंच कमी पडत आहेत, बेलापूरच्या दोन मुली पाठवाव्यात, सराव चालू ठेवावा. पत्राखाली त्याच किडकिडीत पंचांची सही आणि वर शिक्का होता. मुख्याध्यापक शिक्क्यापुढे विरघळत. बॅटी कपाटातून बाहेर आल्या.

अशी मी नगरला गेले. पांढरी टोपी घालून तिसऱ्या बेसवर उभी राहिले. तिथले बेस विकतचे, स्वच्छ, पिठाचा कण नाही. नुसत्या डोळ्यांवर भिस्त. पहिलाच निर्णय दिला आणि मागून कानठळ्या बसल्या.

"ए आंधळे! चष्मा गहाण टाकलास का?"

वळून पाहिलं. कुंपणाशी स्टूल, स्टुलावर पांढऱ्या भुवया. बेलापूरहून एसटीच्या टपावर स्टूल चढवून हा माणूस मला शिव्या द्यायला आला होता. आमचा संघ तिथे नव्हताच. त्या दिवशी मी दिलेला एकही निर्णय त्यांना पटला नाही. माझ्या आजोळपर्यंत सगळे आंधळे ठरले.

शेवटची मुलगी बाद झाली. मी टोपी काढली, पिशवी घ्यायला वाकले, तर पिशवी जागेवर नव्हती. ती तात्यांच्या खांद्यावर होती, आणि काकूंनी भाकरी बांधून दिलेलं फडकं त्यांच्या हातात.

"चला साहेब," तात्या मला म्हणाले, "जेवायला."