ईसीजीवाल्या काकांचा फोन

मी तोंडाने फटकळ आहे, हे आमच्या वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांनाही मी सोडत नाही. पण ईसीजीवाल्या काकांवर एकोणीस वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता. बिचारे कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. तळमजल्यावर जिन्याखालची खोली, त्यात एक मशीन, एक पलंग आणि ते. जेवायचेही तिथेच, एकटे.

हृदयाच्या ऑपरेशनला जाणारा प्रत्येक पेशंट आधी त्यांच्या हाताखालून जायचा. ईसीजीच्या पट्टीवर प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला एक छोटा उंचवटा उमटतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून वीज जाते, त्याची ती खूण. उंचवटा रुंद असला म्हणजे वीज तिथे रेंगाळते, आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठोक्यांची लय बिघडायची भीती वाढते. मशीन 'नॉर्मल' छापून मोकळं व्हायचं. काका भिंग घेऊन बसायचे. मग वर आम्हाला फोन यायचा, "सिस्टर, उद्याच्या बाईंचा उंचवटा रुंद आहे, तिसरा दिवस संपेपर्यंत लक्ष ठेवा." एवढं बोलून फोन खाली.

वॉर्डात खाटा बारा आणि मॉनिटर चार. कुणाचा काढायचा आणि कुणाला लावायचा, हा रोजचा तमाशा. आम्ही एक रीत पाडून घेतली होती. ज्याच्यासाठी काकांचा फोन आला, त्याचा मॉनिटर तिसरा दिवस संपेपर्यंत हलवायचा नाही. फोन आला नाही, तर दुसऱ्या संध्याकाळी काढायचा. त्या फोनमुळे कितीतरी जण वेळेत सापडले. त्यांतला एकही काकांना भेटायला खाली गेला नाही. जाणार कसा? मीच कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी काकांनाच धाप लागायला लागली. तपासणीत तीन नळ्या बंद निघाल्या, बायपास ठरली. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी लांब परदेशात. तिला त्यांनी सर्दी झाल्याचं सांगून ठेवलं होतं, उगाच जिवाला घोर नको म्हणून. फॉर्मवर नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या घरचाच नंबर लिहिला. तिथे फोन उचलायला कोण होतं, देव जाणे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी फाइल आणायला खाली गेले, तर हे सदरा उघडून स्वतःच्याच छातीवर तारा चिकटवत बसलेले. मी म्हटलं, काका, आज गिऱ्हाईक मिळालं नाही वाटतं? ते नुसते हसले. मशीनने 'नॉर्मल' छापलं. भिंग लावून त्यांनी पट्टी पाहिली, फाइलला लावली आणि फाइल माझ्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या संध्याकाळी एका बाईंना मॉनिटर हवा होता. मी मनात हिशोब केला की या खाटेसाठी काकांचा फोन आलेला नाही. खरंच सांगते, खाटेवर खुद्द काकाच आहेत हे डोळ्यांनी दिसत असून माझ्या डोक्यात शिरलं नाही. काढू का, असं विचारलं. ते म्हणाले, काढा, त्यांना लावा.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं. एक ठोका धावत, पुढचा अडखळत, मग दोन एकदम. कधीपासून, विचारलं. सकाळी नऊपासून, म्हणाले. पाच तास हा माणूस स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून पडला होता. रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली असती तर? डॉक्टर धावत आले, शिरेतून औषध सुरू झालं. संध्याकाळी ठोके जागेवर आले.

मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षांचा सगळा आवाज मी तेव्हा वापरला.

"बेल हाताशी होती. आधीपासून माहीत होतं ना तुम्हाला? मग सांगायला काय झालं होतं?"

छताकडे बघत काका हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्यांचं मी सांगत आलो, सिस्टर. माझं कुणीतरी सांगेल, असं वाटलं होतं."

मला मेलीला लाज वाटली, इतकी की त्यांच्याकडे बघवेना. त्यांची फाइल उघडून मी पट्टी हातात धरली, पण बघायचं कसं ते मला कुठे येत होतं? उशीवरूनच त्यांनी सांगितलं की उंचवट्याखालचे बारीक चौकोन मोजा, तीनपर्यंत ठीक.

मी मोजले. साडेतीन भरले.

अर्धं मिनिटही लागलं नाही.