सातवा चौकोन

माझी आत्या एका जागी टिकत नाही, आणि दवाखान्यात तिला नेमका बसण्याचाच पगार मिळतो. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांसाठी निघालेल्या एका खाजगी दवाखान्यात ती फोन घेते. स्वतः एक्कावन्न वर्षांची. मध्येच अंगातून वाफ निघाली की खुर्ची पंख्याखाली ओढते, दोन मिनिटांत पंखा बंद करते, मग खिडकीशी जाते. फोनची वायर तिथवर पुरत नाही, म्हणून वायरवर चिडते.

तिच्या डोक्यावर भिंतभर जाहिरात आहे: 'तीन महिन्यांत पुन्हा फुलून या!' त्यावरच्या बाईला आत्या 'हसरी' म्हणते.

"केस बघ हिचे, पीठ लावून पांढरे केलेत. पंचविशीची पोरगी, हिला कसला घाम फुटतोय!"

हसरी आमच्याच छपाईच्या दुकानात, माझ्याच हातून घडली.

फोनवर भरायचं कार्डही माझंच. सहा चौकोन: घाम, झोप, चिडचिड, सांधे, वजन, विसरभोळेपणा. बाई सांगेल तिथे खूण करायची आणि खालचं वाक्य वाचायचं: 'काळजी करू नका, हे वयामुळे होतं. आमच्या पॅकेजमध्ये सगळं येतं.' खूण एक असो की सहा, पॅकेज तेच. डॉक्टर फक्त गुरुवारी.

एका शुक्रवारी एका बाईंचा फोन आला. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, आणि आता परत रक्त जातंय. आत्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि मॅनेजरला विचारलं, "हे कुठे टाकू?"

"चिडचिडीत टाका. रक्त दिसल्यावर माणूस चिडणारच की!"

आत्याने खूण केली, वाक्य वाचलं, पुढचा गुरुवार दिला.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली ती चपलांसकट आत. आईने दिलेला चहा तिने तीनदा उचलला, तीनदा खाली ठेवला.

"काय रे शहाण्या, तुझ्या कार्डात रक्ताला जागा का नाही?"

"होती गं. 'इतर' म्हणून सातवा चौकोन होता. पण मॅनेजर म्हणाले, कार्डावरही हसरीचा चेहरा मोठा हवा."

"म्हणजे तो हिच्या गालाखाली गेला!"

मला हसू आलं. तिला नाही.

"वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर थेंबभर असलं तरी तपासून घ्या, असं सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला बजावलं होतं. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण निघालंच तर? मला माहीत होतं रे. माहीत असून मी वाक्य वाचलं."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच तिने मलाही ओढत नेलं. कार्डावरचा नंबर फिरवला.

"ताई, गुरुवारची वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात बायकांच्या विभागात जा, आणि तपासल्याशिवाय परत येऊ नका."

"अहो, कालच तर म्हणालात वयामुळे होतं म्हणून!"

"काल मी कार्ड वाचत होते."

मागे मॅनेजर उभा होता. "पेशंट आपली होती ना हो!"

"कुठे? ती तर चिडचिडीत होती."

तिला अजून काढलेलं नाही. दुसरी बाई मिळेपर्यंत आहे. त्या ताईंनी फोन करून कळवलं की सोनोग्राफी झाली, तपासायला गर्भाशयातला तुकडाही काढलाय, रिपोर्ट आठ दिवसांनी. तेव्हापासून घंटी वाजली की आत्या दचकते. मधल्या वेळात पट्टी घेऊन प्रत्येक कार्डावर, हसरीच्या गालावर, पेनाने सातवा चौकोन आखते.

"मी नवीन छापून देतो ना," मी म्हटलं.

"तोवर फोन थांबणार आहेत का?"

रिपोर्टच्या आदल्या दिवशी मी तिथेच होतो. घंटी वाजली, पट्टी खाली पडली. पण फोन दुसऱ्याच बाईंचा, तक्रार घामाची. आत्याने पहिल्या चौकोनात खूण केली. वाक्य वाचलं नाही.

"आणखी काही होतंय का हो?" तिने विचारलं, आणि ऐकता ऐकता सातव्या चौकोनात खूण करून उभी राहिली. वायर ताणली गेली.