ओझेलानं लिहिलेला शब्द

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या आमच्या गावच्या शाळेत ओझेला ग्रिग्ज बावीस वर्षं कारकून होती. कोणत्या मुलाला काय शिक्षा झाली, ते नोंदवायचं काम तिचं. अक्षर मोत्यासारखं. चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. आम्हा काळ्यांच्या वस्तीतली निम्मी पोरं तिला मावशी म्हणायची.

एका दुपारी जेवणाच्या रांगेत दोन मुली भांडल्या. आमच्या वस्तीतली जनीशा, तेरा वर्षांची, आणि गोऱ्या डॉक्टरांची ब्रिन. दोघींनी एकमेकींवर दूध फेकलं, झिंज्या ओढल्या. मुख्याध्यापक ओझेलाच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ब्रिनला समज दिली, असं लिहा. जनीशाच्या नावापुढे लिहा, हल्ला."

"साहेब, भांडण तर दोघींचं होतं."

"बाई, तुम्ही फक्त लिहायचं."

ओझेलानं लिहिलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, नोकरी गेली तर काय, ही धास्ती. शाळेत नेमलेल्या पोलिसानं जनीशाला बेड्या घालून नेलं, तेव्हा ओझेला खिडकीकडे पाठ करून बसली.

जनीशा दोन महिने बालसुधारगृहात होती. परत आली तर वर्ष बुडालेलं, आणि शिक्षिका तिला बघून पर्स जवळ ओढायच्या. शाळा सुटलीच. एकोणिसाव्या वर्षी मित्राच्या गाडीत पोलिसांना सापडली. गाडी चोरीची निघाली. "मला ठाऊक नव्हतं," ती सांगत राहिली. सरकारी वकिलानं शाळेचा जुना कागद वाचून दाखवला: हल्ला. पोर लहानपणापासूनच हिंसक, म्हणाला. चार वर्षांची शिक्षा झाली.

ओझेला जनीशाच्या आईचा हात धरून कोर्टात बसली होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "माझ्याच हातचं गं ते."

पुढच्या महिन्यात शाळा मंडळाच्या सभेत ती उभी राहिली. "मारामारी दोघींनी केली. मी एकीचाच हल्ला लिहिला, कारण तसं सांगितलं होतं. आणि हे काही एकदाच नाही झालं."

मागून कुणीतरी ओरडलं, "इतकी वर्षं जीभ कुठं ठेवली होतीस?"

"पगारापाशी," ती म्हणाली.

आठवड्यात तिला शाळेच्या गोदामात पाठवलं. मंडळानं चौकशी समिती नेमली. समितीचा अहवाल अजून यायचाय.

ओझेला तुरुंगात भेटायला जायला लागली, पण पहिले तीन रविवार जनीशा तिला भेटलीच नाही. चौथ्या रविवारी समोर येऊन बसली.

"मावशी, तेव्हा का नाही बोललीस?"

"भ्याले, पोरी."

"मीपण भ्याले होते. तेरा वर्षांची होते मी."

भेटीची वेळ संपायच्या आतच जनीशा उठून गेली. ओझेला अजून दर रविवारी जाते. कधी जनीशा येते, कधी येत नाही.