व्याह्यांच्या गाडीचे दिवे

कोचकोरच्या बाजारातून नारीनच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला एक निळं फाटक आहे. आत ओमुरझाक उस्ता, म्हणजे कारागीर, गाड्यांचे दिवे बसवतो. फक्त दिवे. इंजिनाचं विचारलं तर हात वर करतो, "ते पलीकडच्या गल्लीत. मी डोळ्यांचा डॉक्टर."

फाटकाशी एक स्टूल असतं. दिवे बसवून झाले की उस्ता गाडी समोर उभी करून ते लावतो आणि मालकालाच स्टुलावर बसवतो, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचा डोळा जिथे असेल, बरोबर तिथे. डोळे मिटले तर पुन्हा काम, उघडे राहिले तर चहा. या नियमातून ना मुल्ला सुटला, ना पोलीस.

वीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. दोलोनच्या घाटात एकदा समोरच्या गाडीचे दिवे असे डोळ्यांत घुसले की रस्ताच पुसला गेला आणि टँकर उतारावर कलंडला. दूध गेलं, उस्ताचा गुडघाही गेला. गावात अजून म्हणतात, त्या वर्षी घाटातल्या मेंढ्यांनी सायीसकट गवत खाल्लं. उस्ताही हसतो, पण हात आपसूक गुडघ्यावर जातो.

त्या दिवशी फाटकातून आत आली ती साक्षात व्याह्यांची गाडी. लेकीचं, मीरिमचं, लग्न होऊन जेमतेम चार महिने झालेले. तिचे सासरे सातारकुल जपानहून आलेल्या, उजव्या स्टिअरिंगच्या पांढऱ्या गाडीतून रुबाबात उतरले. डिकीत पिठाची पोती, शेजारच्या सीटवर विहीणबाई.

"बल्ब मीच आणलेत, व्याहीबुवा. अंधार सोलून काढतील असे! बसवा, घाट ओलांडायचाय."

उस्ताने वाकून दिव्यांकडे बघितलं. "बल्ब झकास आहेत. पण हे दिवे तिकडचे, जिथे गाड्या डावीकडून चालतात. यांचा झोत डाव्या बाजूला वर चढतो. आपल्याकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्या बाजूने समोरचा माणूस येतो. सबंध दिवेच बदलू. याच गाडीच्या, आपल्या रस्त्याच्या दिव्यांची जोडी आहे माझ्याकडे. प्रखर बल्ब त्यात शोभतील."

"म्हणजे जपान्यांना अक्कल नाही?"

"आहे ना. म्हणून तर त्यांनी ते त्यांच्या रस्त्यासाठी केले."

"बसवा हो तुम्ही!"

उस्ताने बसवले. मग स्टूल पुढे सरकवलं.

सातारकुल लाल झाले. "फाटकाशी? मी मुलाचा बाप! माझी मानाची जागा आत, दारासमोरच्या भिंतीशी. इथे चपला बसतात!"

उस्ताने स्टूल अर्धं मागे ओढलं. एक शब्द वाकडा गेला तर तो मीरिमला तिकडे ऐकावा लागणार. आणि गाडी तशीच सोडली, तर आज घाटात कुणाचा गुडघा जाणार?

दारात कालिपा, उस्ताची बायको, पिठाचे हात पुसत उभी होती. "अहो, बरोबरच बोलतायत व्याहीबुवा. स्टुलावर कसलं बसवता?" तिने आतून लोकर भरलेल्या गाद्यांची चळत आणली आणि स्टूल लाथेने सारून त्याच जागी रचायला घेतली. "आज मानाची जागा अंगणात!" समोर कापड अंथरून रोटी, साय, जर्दाळूचा मुरंबा मांडला.

सातारकुल पाच गाद्यांवर चढून बसले. उस्ताने एक डोळा मिटून अंदाज घेतला. "अजून एक हवी."

"अजून एक? केवढा मान!" सातारकुल विरघळले.

ऊन डोंगराआड गेलं. "विहीणबाई," कालिपा गाडीकडे वळून म्हणाली, "व्याह्यांना मुरंबा दिसत नाहीये हो."

विहीणबाईंनी हात लांब करून खटका दाबला.

रोटीकडे निघालेला सातारकुलांचा हात मनगटापर्यंत मुरंब्यात गेला. "बंद कर! अगं, आंधळा झालो!"

"मानाच्या जागेवर कसले आंधळे होताय?" विहीणबाई आतून म्हणाल्या.

दिवे विझले. सातारकुलांनी एकेक बोट चाटलं. मग हळूच म्हणाले, "जुन्या बल्बांवरसुद्धा समोरचे लोक मला दिवे लुकलुकवून दाखवायचे. मला वाटायचं, ओळखीचे आहेत. मी आपला प्रत्येकाला हात करायचो."

"शिव्या होत्या त्या," विहीणबाई म्हणाल्या. "तीन वर्षं सांगतेय."

उस्ता हसला नाही. त्याने आतून दिव्यांची जोडी आणली, प्रखर बल्ब त्यात चढवले आणि पांढऱ्या भिंतीवर झोत पाडला. पोती उतरवू दिली नाहीत, विहीणबाईंनाही हलू दिलं नाही. मागे ओझं असलं की गाडीचं नाक वर होतं आणि उजेडही. स्क्रू पिळत पिळत त्याने प्रकाशाची कड दिव्यांच्या उंचीखाली वीतभर आणली, आणि गाडी पुन्हा गाद्यांसमोर वळवली.

सातारकुल या वेळी कुणी न सांगताच सहाव्या गादीवर चढले. दिवे लागले. अंगण लख्ख झालं, फाटकाचा खिळान् खिळा दिसायला लागला. त्यांनी डोळे टक्क उघडे ठेवले. काचेआड बायकोचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"हसतेयस होय गं तू!"

"चहा आण गं," उस्ता कालिपाला म्हणाला.

निघताना सातारकुलांनी कालिपाला बजावलं, "मीरिमला गाद्यांचं सांगू नका." विहीणबाईंनी मान डोलावली, म्हणजे आज रात्रीच सांगणार.

उस्ता फाटकाशी गुडघा चोळत उभा राहिला. घाटाकडून दुधाचा टँकर येत होता. व्याह्यांची गाडी त्याच्या समोर गेली, बाजूने निघाली. टँकरने दिवे लुकलुकवले नाहीत, वेगही कमी केला नाही.

तरी सातारकुलांनी सवयीने हात केलाच.