चव सांगणारा टांगेवाला

जुनं धुळे पाहुण्यांना दाखवायचं म्हणजे मला तोच टांगेवाला लागायचा. पांझरेचा पूल, नंबरांच्या गल्ल्या, भाजीबाजार असं फिरवताना प्रत्येक खाणावळीपाशी तो लगाम ओढायचा आणि तिथली चव सांगायचा. "आठली शेवभाजी झणझणीत शे, भाऊ. तठलं भरीत धुरकट." एकदाही चुकला नाही.

त्या दिवशी मी एकटाच होतो. "चल, आज माझ्याबरोबर जेव," म्हणून त्याचा हात धरला, तर तो खाणावळीच्या पायरीवरच थबकला. मालक आतूनच म्हणाला, "मास्तर, त्याला बाहेर बसू द्या. त्याच्या लोकांचा कप कोनाड्यात ठेवलाय."

गटारीच्या वर, भिंतीत कोनाडा होता. टांगेवाल्यानं त्यातला कान तुटलेला कप काढला आणि फुंकर मारून धूळ उडवली.

दोन वर्षं मी इथं जेवत होतो. तो कोनाडा मला दिसलाच नव्हता.

"मग तुला चव कशी कळते रे?" मी विचारलं.

"तुम्ही खाईसन बाहेर येतस ना, भाऊ," कप चहासाठी पुढे धरत तो म्हणाला, "तव्हय मी तुमनं तोंड देखस."