आबांचा कान आणि माझा दम

आदरणीय हिलाल आबा सोनवणे यांच्याशी माझी पहिली ओळख झाली, ती मी त्यांच्या अंगावर धावून गेलो तेव्हा. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, एवढे मलाही कळते. पण संपादकांनी "पहिल्या भेटीपासून लिहा" असे बजावले आहे आणि पहिली भेट तीच आहे, तर मी तरी काय करणार?

धुळ्याच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना होता. एकीकडे धुळे, दुसरीकडे आमचे जळगाव. आबा त्या सामन्याचे पंच. तेव्हा ते पस्तिशीचे होते आणि धुळ्यातल्याच एका शाळेत व्यायामशिक्षक होते. मी पहूरचा, बावीस वर्षांचा, राग कायम नाकावर. दोन्ही संघांचे गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई माझी. धुळ्याच्या दोघा गड्यांनी मला कंबरेला धरले, तरी मी त्यांना ओढत ओढत मध्यरेषेला हात लावला. जळगावची माणसे नाचायला लागली. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि आबा म्हणाले, "दम तुटला. खेळाडू बाद."

नव्या पिढीसाठी सांगतो. चढाई करणाऱ्याने "कबड्डी, कबड्डी" असा घोष एका श्वासात चालू ठेवून आपल्या अंगणात परत यायचे असते. मध्ये श्वास घेतला की दम तुटला. मग रेषेला हात लावून काही उपयोग नाही. हजार माणसांच्या गलक्यात तो घोष ऐकायचा पंचांनी. सगळा भरवसा त्यांच्या कानावर.

मी उठलो तो थेट आबांपुढे. "तुम्ही धुळ्याचे, म्हणून बाद दिलं मला!"

आबा म्हणाले, "भाऊ, मी तुमचं गाव ऐकलं नाही, तुमचा दम ऐकला."

त्याने माझे डोके आणखी फिरले. आबा मूळचे एरंडोलचे, पद्मालयाच्या गणपतीचे भक्त, एवढी माहिती आमच्या प्रशिक्षकांनी येताना बसमध्ये दिली होती. मी हात वर केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो, "पद्मालयाच्या गणपतीची शपथ, माझा दम तुटला नव्हता!"

आबांचा चेहरा उतरला. निर्णय त्यांनी बदलला नाही, नियमाने तो बदलता येत नव्हता. चषक धुळ्याला गेला. पण पुढच्या चतुर्थीला आबा पद्मालयाला गेले आणि आपली शिट्टी देवापुढे ठेवून आले. राज्य पातळीवरच्या सामन्यांचे बोलावणे त्यांना नुकतेच आले होते, तेही त्यांनी नाकारले. "देवाची खोटी शपथ कोणी घेत नाही. माझाच कान चुकला," असे म्हणाले आणि त्यानंतर आजतागायत त्यांनी पंच म्हणून मैदानात पाऊल टाकलेले नाही.

एवढ्यावर भागले असते तर निराळी गोष्ट. दोन-तीन महिन्यांनी आबा स्वतः दीपनगरला गेले. तिथल्या वीज केंद्राचा कबड्डी संघ तेव्हा जोरात होता आणि खेळाडूंना नोकरी मिळत असे. "त्या मुलाच्या तोंडचा घास माझ्यामुळे गेला, त्याला एकदा खेळवून तरी बघा," असे त्यांनी तिथल्या साहेबांना विनवले. मी खेळलो, संघात आलो, फिटर म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. माझे क्वार्टर, मुलींची शिक्षणे, आजची पेन्शन, सगळे आबांच्या त्या एका फेरीतून आले आहे.

शिट्टी सुटली, पण खेळाडू सुटले नाहीत. आबांनी निवृत्त खेळाडूंचा ध्यास घेतला. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतला कोणता जुना गडी आता कुठे आहे, काय करतो, हे आबांना विचारावे. वही नाही, टिपण नाही, सगळे तोंडपाठ. एकदा मी त्यांना विचारले, "आबा, एवढं राहतं कसं लक्षात?" तर म्हणाले, "बठ्ठं ध्यानमा शे माना. इसरू कसं?" सगळं ध्यानात आहे माझ्या, विसरू कसं, असे त्यांच्या अहिराणीत.

आणि आठवणी तरी कसल्या! अमळनेरचा एक चढाईबहाद्दर खिशात मूठभर फुटाणे घेऊन यायचा आणि शिट्टी होईपर्यंत एकेक चघळायचा. चाळीसगावचा डावा कोपरा सांभाळणारा गडी भल्याभल्यांना उचलून आपटायचा, पण मांजर दिसले की त्याला दरदरून घाम फुटायचा. एका सामन्यात मांजर आडवे गेले आणि हा बाहेर जाऊन उभा राहिला. साक्रीचा एक जण चड्डीच्या नाडीला तीन गाठी मारायचा. एकदा घाईत दोनच मारल्या आणि पुढे काय झाले ते आबा साभिनय सांगतात, ग्रंथात छापता येणार नाही. वाढदिवस आबांना कोणाचे ठाऊक नाहीत. पण ज्या दिवशी एखाद्याने आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ केला, तो दिवस त्यांच्या लक्षात असतो आणि त्या सकाळी हमखास फोन येतो.

फोनवर न भागल्यास आबा एसटीने स्वतः जातात. एरंडोलच्या नाना नावाच्या जुन्या खेळाडूंना पक्षाघात झाला, बोलणे बंद झाले, तेव्हा मी आबांबरोबर गेलो होतो. त्यांची सून दारातच म्हणाली, "नाना फार चिडचिड करतात हो, कोणाशी धड वागत नाहीत." आबा खाटेजवळ बसले आणि नानांची एक जुनी पकड त्यांनी सुनेला आणि नातवंडांना सांगायला घेतली. सांगता सांगता सतरंजीवर गुडघे टेकून करूनही दाखवली. सून पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. "आमचे नाना असे खेळायचे?" एवढेच म्हणाली. नानांनी चांगल्या हाताने मांडीवर थाप मारली. परत निघताना तिने आबांना वाकून नमस्कार केला.

दरवर्षी आबा जुन्या खेळाडूंचा मेळावा भरवतात. वांग्याचे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असते, आणि एकेकाला उभे करून आबा त्याची आठवण सांगतात. बाकी कोणाच्या आठवणीत काडीची चूक सापडायची नाही. माझी पाळी आली की म्हणायचे, "हे पहूरचे सुकदेव. यांचा दम तुटला नव्हता, माझा कान चुकला होता. मी यांची दरवर्षी माफी मागतो." टाळ्या पडायच्या. मी मान खाली घालायचो आणि लोकांना वाटायचे, काय हा विनय!

गेल्या वर्षी आबांना ऐकायला कमी येऊ लागले. जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "बाबा, कधीपासून त्रास आहे?" आबा सहज म्हणाले, "ताई, हाऊ कान तर चाळीस वरीसपासून खोटा शे." बाई हसल्या. मला मात्र बाकड्यावर बसवेना. यंत्र बसवून बाहेर आलो, तर हा माणूस मलाच म्हणतो, "सुकदेवभाऊ, हे यंत्र तेव्हा असतं तर तुमचं नुकसान टळलं असतं बघा."

आता सांगतो. शपथ सगळ्यांसमोर घेतली होती, म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगतो. माझा दम तुटला होता. रेषा वीतभर राहिली होती, तोंडात माती गेली, घोष अर्ध्यावर अडकला आणि मी श्वास घेतला. पुन्हा "कबड्डी" म्हणालो ते रेषेला हात लागता लागता. हे फक्त मला कळले होते आणि आबांच्या कानाला. दोघांपैकी खरे बोलला तो कान. मी चाळीस वर्षे त्या माणसाची माफी आणि त्याच्या उपकाराची भाकरी खात आलो. लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

हा लेख छापायला देण्याआधी मी धुळ्याला गेलो आणि आबांना वाचून दाखवला. आबांनी यंत्र नीट बसवले आणि शेवटपर्यंत ऐकून घेतले. मला वाटले, आता उठून कानफटात देतील. दिली असती तर बरे झाले असते. पण आबा एकदम स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अक्का! ओ अक्का! माना कान बराबर व्हता!"

अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "काय म्हनतस?"

"त्या सामनामा. माना कान बराबर व्हता!" पंचाहत्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखा आनंद. अक्कांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना सगळे कळले असावे, कारण त्या दिवशी चहात साखर नव्हती.

मग आबा माझ्याशी बोलले. "पोरा," म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला भाऊ म्हटले नाही. "फार वाईट केलंस. मला पंच म्हणून किती खेळ बघायचा होता." मी पाय धरले. त्यांनी धरू दिले, लगेच उठवले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "छाप हे सगळं. एक शब्द काढू नकोस."

तिथून निघालो तो मी थेट पद्मालयाला गेलो. ज्याची खोटी शपथ घेतली त्याच्यापुढे नाक घासले, नवी कोरी शिट्टी त्याच्या पायांवर ठेवली आणि उचलून आणली. ती या गौरव समारंभात आबांच्या हाती द्यायची आहे. त्या दिवशी जुन्या खेळाडूंचा सामना होईल. अमळनेरचे फुटाणेवाले येत आहेत. चाळीसगावच्या पैलवानांसाठी मैदानातली मांजरे हाकलण्याची व्यवस्था केली आहे. पंच म्हणून आबा उभे राहतील, तसे त्यांनी कबूल केले आहे.

आबांनी शंभरी गाठावी, गुडघे त्यांना एसटीच्या पायऱ्या चढू देवोत, अक्कांच्या चहात साखर परत येवो आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या गमती सांगायला आबा आमच्यापेक्षा जास्त दिवस असोत. सामन्यातली पहिली चढाई माझी आहे. बासष्टीत माझा दम चार पावलांतच तुटणार. आबा, तेव्हा शिट्टी जोरात वाजवा. मी हुज्जत घालणार नाही. मी बाद आहे. त्या दिवशीही होतो.