न संपणारी बेरीज

बारावीत असताना रविवारच्या टेस्टमध्ये मी एका बेरजेत हरवले आणि वरच्या बॅचमधून थेट खालच्या बॅचमध्ये आले. रामदासपेठेतल्या आमच्या क्लासचा असा मेसेज मुलांच्या नाही, बापाच्या फोनवर यायचा. बाबा तेव्हा इतवारीच्या बाजारात, आमच्या कापडाच्या दुकानात होते. पोरगी इंजिनीअर होणार असं त्यांनी अर्ध्या इतवारीला सांगून ठेवलं होतं.

ती बेरीज टेस्टमधली नव्हतीच. आदल्या दिवशी सरांनी जाता जाता फळ्यावर लिहिली होती: एक, अधिक अर्धा, अधिक एक तृतीयांश, अधिक पाव, असं पुढे कायम. ही कुठेच थांबत नाही, हवी तेवढी मोठी होते, पण परीक्षेला येत नाही, असं म्हणून त्यांनी ती पुसूनही टाकली. मला रागच आला. तुकडे बारीक होत होत जवळजवळ नाहीसे होतात, तरी बेरीज वाढतच राहते, एवढी अजब गोष्ट सांगायची आणि वर डस्टर फिरवायचं? जेवताना, कूलरसमोर डोळे मिटून पडल्यावर, ते तुकडे रांगेने येत राहिले. दुसऱ्या दिवशी टेस्टला बसले आणि कच्च्या कामाच्या कागदावर सहज त्यांचे गट पाडून बघितले. घंटा झाली तेव्हा ती बेरीज का थांबत नाही ते मला कळलं होतं, आणि उत्तरपत्रिका बरीचशी कोरी होती.

खालची बॅच भर दुपारी भरायची. मला ती आवडायला लागली, पण हे कोणाला सांगायची सोय नव्हती. वरच्या बॅचमध्ये दिलेले पर्याय घालून बघायचे आणि उत्तर पटकन हुडकायचं, एवढंच चालायचं. इथल्या सरांना घाई नव्हती. बाहेर ऊन पांढरं झालेलं असायचं, आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, आणि फळ्यावर एखादी वक्ररेषा अक्षाच्या जवळ जवळ जात राहायची, टेकायची मात्र नाही. मी तिच्यामागून जायचे, ती कुठवर जाते ते बघत. शेजारची मुलगी कोपर मारायची तेव्हा परत यायचे.

आठवड्याभराने बाबा दुकान सोडून क्लासमध्ये आले, मला पुन्हा वरच्या बॅचमध्ये घ्या म्हणून क्लासच्या मुख्य सरांना विनवायला. आत कोणीतरी होतं, म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो.

"पेपरात काय करून राहिली होती वं तू?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

मी ती बेरीज सांगितली. तुकडे तर लहान होत जातात, मग वाढते कशी, असं ते म्हणाले. मी वहीवर लिहून दाखवलं. तृतीयांश आणि पाव मिळून अर्ध्याहून जास्त. त्यापुढचे चार मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. मग आठ, मग सोळा, असे गट कधी संपतच नाहीत. सांगता सांगता मी कुठे बसले आहे हेही विसरले. भानावर आले तेव्हा बाबा वहीकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"अन् इंजिनीअरिंगमधी हे नसते काय?"

"असते, पण कामापुरतं. मले हेच शिकायचं आहे, बाबा."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं.

तेवढ्यात सरांनी आत बोलावलं. पुढची टेस्ट चांगली गेली तर हिला वर घेता येईल, असं त्यांनी आपणहूनच सांगितलं. बाबांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली.

"राहू द्या सर," ते म्हणाले. "तिले खालीच राहू द्या."

स्कूटरवर मला हसावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं. इतवारीच्या गल्लीत हातगाडी आडवी आली म्हणून थांबलो, तर भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी नेहमीसारखं विचारलं, इंजिनीअरबाईंचं कसं चाललं आहे म्हणून.

"गणित शिकून राहिली पोरगी," बाबा म्हणाले.

"गणित शिकून काय होते गा?"

"मले नाही समजत," बाबा म्हणाले. "तिले समजते."